पोलिसांची सरकारी खर्चाने होणारी आरोग्य तपासणी आणि राहून जाणारी दुसरी भेट

सकाळी साडेआठच्या सुमारास तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आरोग्य तपासणीचे शिबिर लागते, तेव्हा रांगेत पहिला उभा राहतो तो बहुधा रात्रगस्त संपवून आलेला हवालदार, कारण त्याला लवकर मोकळे होऊन घरी झोपायचे असते. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना पूर्व विदर्भातल्या अशा शिबिरांत मी बरीच वर्षे रक्ताचे नमुने घेतले, त्यामुळे हे दृश्य माझ्या चांगले परिचयाचे आहे. हवालदार खुर्चीत टेकतो न टेकतो तोच परिचारिका गणवेशाच्या बाहीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळते. त्याच्या गालात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण, असतो, पोटावर कमरपट्टा आवळलेला असतो, आणि शेजारी उभा असलेला सहकारी कालच्या नाकाबंदीबद्दल त्याच्याशी बोलत असतो. यंत्रावर १५६ आणि ९८ असे आकडे येतात. "मले काई तरास नाही जी," असे म्हणून तो उठतो, परिचारिका आकडे रजिस्टरमध्ये लिहिते आणि पुढच्याला बोलावते.

या दोन मिनिटांत मोजणी चुकीच्या पद्धतीने झाली, तरीही आलेला आकडा खरा असण्याची शक्यता उरली, आणि त्या आकड्याचे पुढे काय करायचे हे कोणीच ठरवले नाही. पोलिसांच्या प्रतिबंधात्मक तपासणीवर सरकार पैसा का खर्च करते, त्या तपासणीतून काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून घेताना हा हवालदार डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण तो न कळल्यामुळे ठाण्यात बराच गोंधळ होतो. भरतीच्या वेळी होणारी वैद्यकीय तपासणी उमेदवार नोकरीस योग्य आहे की नाही हे पाहते. २००५ पासून चालू असलेली महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना पोलीस आणि त्यांच्या कुटुंबीयांना ठरावीक आजारांवर ठरावीक रुग्णालयांत उपचार मिळवून देते, म्हणजे ती आजार झाल्यानंतर कामाला येते. प्रतिबंधात्मक तपासणी या दोहोंपेक्षा वेगळी असते. ज्याला कोणताही त्रास जाणवत नाही अशा माणसाला बोलावून, त्याच्या शरीरात काही गुपचूप सुरू झाले आहे का हे ती शोधते. तिला चाळणी चाचणी म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे. चाळणी खडे वेगळे काढते, पण तिच्यावर उरलेला प्रत्येक दाणा खडाच असतो असे नाही, आणि खाली पडलेल्या पिठात बारीक वाळू राहू शकते. चाळणीत अडकलेल्या माणसाची नंतर पक्की तपासणी करावीच लागते.

हा खर्च सरकारने का करावा, असा प्रश्न गावात कधीकधी विचारला जातो आणि तो गैर नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील दुसरी नोंद पोलिसांची आहे आणि सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयांची आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा विषय राज्याच्या तिजोरीकडेच येतो. याहून महत्त्वाचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. रात्रपाळी, अनियमित जेवण, चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली यात्रेत किंवा महाशिवरात्रीला मार्कंडादेवच्या यात्रेत उभ्याने केलेला बंदोबस्त, आणि एका ड्युटीला चिकटून आलेली दुसरी ड्युटी, हे पोलीस स्वतःहून निवडत नाही. ते त्याला लावले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्ककारक' या गटात टाकले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच मत कायम ठेवले. रात्रीच्या जागरणाचा रक्तदाबावर आणि साखरेवर होणारा परिणाम तर आणखी सरळ आहे. जो मालक ही जोखीम कामाच्या रूपाने देतो, त्यानेच ती वेळेवर मोजण्याचा खर्च उचलावा, हे मला सरळ न्यायाचे वाटते.

राज्य शासनाच्या सेवेतील ४० ते ५० वयोगटातील अधिकारी-कर्मचाऱ्यांना दोन वर्षांतून एकदा आणि ५१ व्या वर्षापासून दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून घेता येते, आणि त्यासाठी ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च शासन देते. पोलीसही त्यात येतात. परंतु या तरतुदीकडे पाहून ३४ वर्षांच्या शिपायाने 'आपली पाळी अजून सहा वर्षांनी' असे म्हणू नये. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येक नागरिकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते, आणि ती गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत होते. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क घेतले जात नाही. त्यामुळे खिशातून पैसे घालून शहरातले 'फुल बॉडी' पॅकेज घेण्याआधी शेजारच्या दाराकडे पाहायला हरकत नाही.

बीपीचा आकडा कधी खरा मानायचा

सगळ्या तपासण्यांत सर्वांत स्वस्त, सर्वांत उपयोगी आणि सर्वांत हेळसांडीने होणारी तपासणी म्हणजे रक्तदाब. तिला रक्त लागत नाही, उपाशी राहावे लागत नाही, आणि यंत्र आता प्रत्येक उपकेंद्रात असते. तरीही वरच्या हवालदाराचे १५६/९८ हे आकडे जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. मोजण्याआधी किमान पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे लागते. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू आणि धावपळ वर्ज्य असते, कारण तंबाखूतील निकोटिन नाडी आणि दाब दोन्ही काही काळ वाढवते. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला बांधायचा असतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा विनाकारण वाढून येतो, आणि व्यायामाने कमावलेल्या दंडाच्या जवानांबाबत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. मूत्राशय भरलेले असले तरी दाब चढतो. रात्रभर जागलेल्या माणसाचा दाब सकाळी मोजला तर त्यात जागरणाचाही वाटा असतो.

मग तो आकडा सोडून द्यायचा का? मुळीच नाही. त्याच बैठकीत खर्रा थुंकून, चूळ भरून, पाच मिनिटे शांत बसवून आणखी दोनदा मोजायचे, आणि तरीही १४०/९० किंवा त्याहून जास्त आले तर झोप झालेल्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे. वेगवेगळ्या दिवशीही आकडा तिथेच राहिला तर उच्च रक्तदाब आहे असे डॉक्टर म्हणतात. १८०/११० किंवा त्याच्या वर आकडा गेला तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे असते. उच्च रक्तदाबाचे दुर्दैव असे की तो बहुतेकांना जाणवतच नाही. 'डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही' ही ठाण्याठाण्यांत ऐकू येणारी समजूत चुकीची आहे, आणि बरेच जण लकव्याचा झटका आल्यावरच पहिल्यांदा नीट बीपी मोजून घेतात.

या बाबतीत विदर्भाकडे सांगण्यासारखा अनुभव आहे. देशात २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यातील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा हे दोन होते. त्या उपक्रमाची कल्पना साधी होती. सर्वांसाठी एकच ठरलेली औषधयोजना, अम्लोडिपिनसारखी स्वस्त गोळी, जवळच्या केंद्रातून महिन्याचे औषध, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला फोन. यात महागडे यंत्र कुठेच नाही. या साखळीतली सर्वांत मोलाची कडी मला शेवटची वाटते, न आलेल्याला केलेला तो फोन.

साखर, आणि सिकलसेलच्या मुलखात घ्यायची काळजी

साखरेच्या तपासणीचे तीन प्रकार आहेत. बोटातून थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर केलेली तपासणी ही चाळणी आहे. जेवण केव्हाही झालेले असो, १४० किंवा जास्त आले तर पुढे पाठवायचे. किमान आठ तास उपाशी राहून शिरेतून घेतलेल्या रक्तातील साखर १२६ किंवा जास्त, आणि ती पुन्हा तपासूनही तशीच, तर मधुमेह; १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. तिसरी एचबीएवनसी, जी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि जिच्यात ६.५ टक्के व त्यापुढे मधुमेह मानतात. रात्रपाळीवाल्याला उपाशीपोटी तपासणी ही एक थट्टाच असते, कारण पहाटे तीन वाजता टपरीवर घेतलेला गोड चहा त्याच्या मते 'खाणे' नसते. रक्त घेताना 'शेवटचे काय आणि किती वाजता पोटात गेले' असा प्रश्न विचारावा, 'उपाशी आहात ना' असा नाही; हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळले.

रात्रपाळीच्या माणसासाठी एचबीएवनसी सोयीची वाटते, कारण तिला उपाशी राहावे लागत नाही. मात्र आपल्या भागात तिच्यात एक मोठी फट आहे आणि शहरातून छापून आलेल्या पॅकेजमध्ये तिचा उल्लेख नसतो. ही तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात असे गृहीत धरते. सिकलसेल या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळ मिळत नाही, आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. सिकलसेलचा वाहक असलेल्या, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेल्या, माणसात यंत्राच्या पद्धतीनुसार आकडा इकडेतिकडे होऊ शकतो. अशक्तपणा, म्हणजे रक्तक्षय, असला तरीही हीच अडचण येते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ आणि मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा पाठ्यपुस्तकातला आजार नाही, तो शेजारच्या घरातला आजार आहे. म्हणून इथल्या पोलिसाची एचबीएवनसी 'नॉर्मल' आली आणि घरी मधुमेहाचा इतिहास असला, तर उपाशीपोटी साखरही पाहून घ्यावी आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात आदिवासी भागातील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. गडचिरोलीतल्या सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकासारख्या दलात स्थानिक तरुण मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्यासाठी या तपासणीचा अर्थ थोडा वेगळा आहे. वाहक असणे हा आजार नाही. वाहक माणूस सामान्य आयुष्य जगतो, नोकरी करतो, धावतो. परंतु कडक उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, शरीराची मर्यादा ओलांडणारे श्रम झाले तर वाहकांमध्ये स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. यावर उपाय माणसाला पथकातून काढणे हा नव्हे. सरावाची वेळ पहाटे ठेवणे, पाण्याचे थांबे ठरवणे आणि नव्या जवानाचा श्रम हळूहळू वाढवत नेणे हा उपाय आहे, आणि तो केला तर वाहक नसलेल्यांचाही फायदा होतो.

तोंड उघडा

टॉर्च लावून तोंड पाहण्याला दोन मिनिटे लागतात आणि विदर्भात त्यावाचून पोलिसांची तपासणी पूर्ण झाली असे मी मानणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे चहाइतका सर्रास चालतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ज्या ठाण्यात जप्त केलेल्या सुगंधित तंबाखूची पोती मुद्देमाल म्हणून पडलेली असतात, त्याच ठाण्याच्या फाटकाबाहेर खर्रा घोटला जातो, ही विसंगती पोलिसांना आमच्यापेक्षा जास्त कळते, म्हणून तिच्यावर अधिक बोलत नाही.

तपासणीची रीत अशी असते. तपासणारा सांगतो, 'आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा.' पूर्वी सहज जाणारी तीन बोटे आता दोनवर अडत असतील तर सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठ होत चालली आहे, आणि ही कर्करोगाआधीची अवस्था असू शकते. तिखट तर्री खाताना तोंडाची आग होणे हे तिचे सुरुवातीचे लक्षण असते. गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर दंतवैद्यक किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचे असते. खर्रा जिथे दाबून ठेवतात, नेमकी तीच बाजू नीट पाहावी. तंबाखूचे प्रमाण विचारताना 'खाता का' असे न विचारता 'दिवसाला किती पुड्या' असे विचारले की उत्तर खरे येते.

कमरेचा घेर मोजणे लवकर आटोपते, फक्त तो कमरपट्ट्यावरून मोजू नये. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षे त्याचे भोक तेच राहते. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि नितंबाच्या हाडाच्या मध्यावर लावला तर पुरुषांत ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि स्त्रियांत ८० पेक्षा जास्त घेर हा धोक्याचा इशारा समजतात.

महिला पोलिसांच्या तपासणीबाबत अडचण वैद्यकीय कमी आणि व्यवस्थेची जास्त आहे. गर्भाशयमुखाची तपासणी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून, पांढरे डाग उमटतात का हे पाहून करता येते आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. स्तनांची तपासणी प्रशिक्षित परिचारिका हाताने करते. परंतु ठाण्याच्या आवारातल्या शिबिरात पडद्याची खोली नसते, आणि सहकारी पुरुष रांगेत उभे असताना कोणतीही ताई तिथे ही तपासणी करून घेणार नाही. अशा शिबिरात 'तपासणी नाकारली' असा शेरा रजिस्टरमध्ये पडतो, तो खोलीने नाकारलेला असतो. महिलांसाठी वेगळा दिवस आणि जागा म्हणून ग्रामीण रुग्णालय, एवढे केले तरी पुरते.

जास्त तपासण्या म्हणजे जास्त आरोग्य नव्हे

५,००० रुपये मिळणार म्हटल्यावर प्रयोगशाळा त्या रकमेत बसणारी लांबलचक यादी देतात आणि माणसाला वाटते, जितक्या जास्त तपासण्या तितके बरे. इथे एक साधे गणित पाहावे. समजा एखादा आजार १,००० पोलिसांपैकी १० जणांना आहे, आणि तपासणी अशी की ती आजारी माणसांपैकी दहातले नऊ पकडते आणि निरोगी माणसांपैकी दहातल्या एकाला चुकून आजारी ठरवते. १० आजाऱ्यांतले ९ जण सापडतील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांतले ९९ जणही अडकतील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' ठरलेल्या १०८ जणांत खरे आजारी फक्त ९ असतील, आणि बाकीचे ९९ जण नागपूरच्या चकरा मारतील, रजा घालवतील आणि रात्री झोपणार नाहीत. तपासणी ठीकच असूनही हे घडते, कारण आजार दुर्मीळ आहे. म्हणूनच बहुतेक ट्यूमर मार्करच्या, म्हणजे रक्तात कर्करोगाची खूण शोधणाऱ्या, तपासण्या धडधाकट माणसासाठी चाळणी म्हणून कामाच्या नाहीत. त्यांचा खरा उपयोग निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी असतो.

ईसीजीची गत उलटी आहे. तो स्वस्त आहे, लवकर होतो, आणि 'नॉर्मल' आला की माणूस निर्धास्त होतो. पण विश्रांतीत काढलेला ईसीजी त्या क्षणी हृदयात चाललेली विजेची हालचाल दाखवतो. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असली तरी तो स्वच्छ येऊ शकतो. चालताना छातीत दाब येत असेल, डाव्या हातात कळ जात असेल, तर मागच्या महिन्यातला स्वच्छ ईसीजी दाखवून घरी बसू नये.

आता सर्वांत अवघड गोष्ट. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या, २०१९ मध्ये अद्ययावत केलेल्या एका आढाव्यात सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरचे १७ अभ्यास आणि अडीच लाखांहून अधिक लोक तपासले गेले, आणि अशा तपासण्यांमुळे मृत्यूंच्या एकूण प्रमाणात फारसा फरक पडत नाही असे आढळले. हे वाचून तपासण्या बंद करा असे म्हणणे घाईचे होईल. ते अभ्यास बहुतांशी श्रीमंत देशांतले होते, जिथे लोक एरवीही डॉक्टरकडे जातात आणि त्यांचे बीपी कोणीतरी मोजलेले असते. सिरोंचा किंवा भामरागडकडच्या ठाण्यातल्या पोलिसाची गोष्ट तशी नाही. तरीही त्यातला एक इशारा आपल्यालाही लागू पडतो: तपासणीने आजार फक्त सापडतो, तो आटोक्यात आणते ती गोळी, बदललेली सवय आणि पुन्हा पुन्हा झालेली मोजणी.

दुसरी भेट कुठे अडकते

शिबिरानंतर पंधरा दिवसांनी रिपोर्ट ठाण्यात येतात. एका ठाण्यात ते एकत्र बांधून टेबलावर ठेवलेले मी पाहिले आहेत, सर्वांत वर एका फौजदाराचा साखरेचा रिपोर्ट, आणि येणारा-जाणारा तो वाचत होता. कोणाचे नाव घेत नाही. असे अनेक ठिकाणी होत असावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची गुपिते डॉक्टर काही अपवाद वगळता उघड करू शकत नाही, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याला कागद द्यावे लागतात. एचआयव्हीची तपासणी तर २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय करताच येत नाही, शिबिराच्या यादीत ती गुपचूप घुसवता येत नाही. वरिष्ठांना 'कामास योग्य', 'काही दिवस हलके काम द्यावे' एवढेच कळले तरी पुरते. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हाती जावा.

ही गुप्तता मनाच्या तपासणीत सर्वाधिक लागते. 'गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का' आणि 'उदास, निराश वाटत होते का' या दोन प्रश्नांनी नैराश्याची प्राथमिक चाळणी होते. पण ठाणेदार साहेब तीन फुटांवर बसलेले असताना आणि 'हो' म्हटल्यास हत्यार काढून घेतील अशी भीती असताना कोणता शिपाई खरे बोलेल? ज्याला ठाण्यात बोलायचे नाही त्याच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

दुसरे अडथळे अगदी साधे आहेत. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. तिथल्या पोलिसासाठी 'पुढच्या सोमवारी तज्ज्ञांकडे या' याचा अर्थ किमान दोन दिवस, आणि तेवढे दिवस त्याच्या जागी उभे राहायला दुसरे कोणी हवे. सरकार ५,००० रुपये देऊ शकते, पण ठाण्यातला बदली माणूस त्या पाच हजारांत येत नाही. माझ्या मते ग्रामीण ठाण्यात डॉक्टरच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस हजेरी मेजर असतो, कारण ड्युटी तो लावतो. रात्रपाळी संपल्याच्या सकाळी रक्त द्यायला कोणाला पाठवू नये, आणि ज्यांची दुसरी मोजणी बाकी आहे त्यांची नावे पुढच्या आठवड्याच्या ड्युटीत डोळ्यांपुढे ठेवावीत, या दोन गोष्टी त्याने पाळल्या तर शिबिराचा निम्मा अपव्यय थांबेल. दर महिन्याच्या गोळीसाठी जिल्ह्याला जाण्याची गरज नसते, ती जवळच्या आरोग्य केंद्रात मिळते, हेही त्यालाच माहीत असलेले चांगले.

बदली हा आणखी एक गळतीचा रस्ता. पोलीस एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जातो, त्याची सर्व्हिस शीट त्याच्या मागे जाते, आणि बीपीचे कार्ड जुन्या केंद्राच्या कपाटात राहते. आभा क्रमांक हा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढला आणि तपासणी त्याला जोडली तर नोंदी माणसाबरोबर फिरू शकतात. जिथे नेटवर्कच पोहोचत नाही तिथे रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये आणि मूळ कागद घरी, ही जुनी पद्धत भरवशाची. खर्चाची प्रतिपूर्ती मागणाऱ्याने पावती आणि रिपोर्ट यांच्या प्रती स्वतःकडे ठेवूनच कागद कार्यालयात द्यावेत.

गावात पोलीस म्हणून ज्यांना लोक ओळखतात त्या सर्वांना ही तरतूद पोहोचत नाही. पोलीस पाटील मानधनावर काम करतात, होमगार्ड बंदोबस्तापुरते बोलावले जातात. उन्हात उभे मात्र तेही राहतात. त्यांच्यासाठी हमखास दार ३० वर्षांवरील सर्वांसाठी खुले असलेल्या आयुष्मान आरोग्य मंदिराचे आहे, आणि शिबिराच्या दिवशी त्यांनाही रांगेत उभे केले तर बीपीच्या यंत्राचे काही बिघडत नाही.

सुरुवातीच्या त्या हवालदाराला आम्ही त्या दिवशी जाऊ दिले नाही. तोंड धुऊन, कमरपट्टा सैल करून, साक्षीदारांच्या बाकावर भिंतीला टेकून बसवले आणि पुन्हा मोजले, तर १४८/९४ आले. चार दिवसांनी, साप्ताहिक सुट्टीनंतर, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आला, तेव्हा १४६/९२ होते. त्याने खिशातून डायरी काढली, शेवटच्या पानावर तारीख घालून तीनही आकडे एकाखाली एक लिहिले आणि विचारले, "आता गोळी कधी घ्याची जी, ड्युटीच्या आंधी का मंग?"